काच पुसून झाल्यावर

प्रज्ञा गेल्याचा फोन आला तेव्हा मी गारखेड्यातल्या आमच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी काढत होते. दुपार कलली होती. पलीकडून तिच्या शेजारणीचा आवाज आला, "मॅडम, तुम्ही लवकर या. ताई जेवून पडल्या होत्या, त्या उठल्याच नाहीत..." मी "बरं" म्हणाले. एवढंच. मग उरलेल्या चादरी काढल्या, घड्या घातल्या, खाली आणून कपाटात ठेवल्या, आणि कपाटाचं दार लावताना मला समजलं की आपल्याला काहीतरी सांगितलं गेलंय. त्याला आता काही आठवडे झाले. पण ती दुपार अजून पुरती सरलेली नाही. मधूनच ती घरात येते, आणि मी हातातलं काम तसंच धरून उभी राहते.

प्रज्ञा आणि मी वैजापूरच्या एका कॉलेजात अकरावी-बारावीला शिकवत होतो. तिचा विषय भौतिकशास्त्र, माझा मराठी. ती मुकुंदवाडीत आईबरोबर राहायची. वडील रेल्वेत होते, ते लवकर गेले. लग्न तिनं केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "सवडच नाय मिळाली." तिच्या आईला सगळी गल्ली माय म्हणते, मीही म्हणते. मायचे गुडघे कधीचेच धरलेले. कितीतरी वर्षांत ती गल्लीबाहेर पडलेली नाही. बाहेरचं जग तिच्याकडं यायचं ते लेकीच्या तोंडून.

सुरुवातीला आम्ही एसटीनं जायचो. मग प्रज्ञानं एक जुनी, राखाडी रंगाची छोटी गाडी घेतली आणि आमच्या सकाळी बदलल्या. ती मुकुंदवाडीहून निघायची, मला गारखेड्यात उचलायची, आणि शहर मागं पडेपर्यंत आम्ही दोघी गप्प असायचो. काचा अर्ध्या उघड्या, उजवीकडं दूरवर देवगिरीचा डोंगर झोपेतून उठल्यासारखा, आणि अंगावर येणारं कोवळं ऊन... मला हमखास डुलकी लागायची. प्रज्ञा मात्र टक्क जागी. लासूरच्या अलीकडं कुठंतरी तिचा हात माझ्या खांद्यावर पडायचा. "विजे, झोपू नको, बघ." मी डोळे उघडायची तर मेंढ्यांचा एक अख्खा कळप रस्ता ओलांडत असायचा, नाहीतर शिवना नदीवर धुकं इतकं खाली उतरलेलं असायचं की पुलाचे कठडे तेवढे दिसावेत. मी "हो गं, छान" म्हणून पुन्हा डोळे मिटायची. बघायचं काम तिचं, आणि तिच्या भरवशावर झोपायचं काम माझं.

एका उन्हाळ्यात त्या रस्त्याचं रुंदीकरण निघालं. मैलचे मैल मातीचे ढीग. पुढच्या काचेवर धुळीचा असा थर बसायचा की समोरचा ट्रॅक्टर अंगावर आल्यावरच कळावा. आणि नेमकी तेव्हाच काचेवर पाणी मारणारी मोटर बिघडली. प्रज्ञानं दांडी ओढली की एरवी घर्र असा आवाज होऊन पाण्याच्या दोन धारा उडायच्या. आता नुसते कोरडे वायपर काचेवर खरवडत फिरायचे आणि धुळीचे अर्धगोल उमटायचे. ती गाडी बाजूला घ्यायची, बाटलीतल्या पाण्यानं फडकं भिजवून काच पुसायची. थोड्या वेळानं पुन्हा तेच. पुढं पुढं हे फार व्हायला लागलं. मी बसल्या जागेवरून म्हणायची, "अगं, आत्ताच तर पुसलीस." ती म्हणायची, "कुठं पुसली? धूरच धूर आहे नुसता."

गॅरेजवाला म्हणाला, दोन दिवस गाडी ठेवा. प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर होत्या. "दोन दिवस ठेवतो म्हणतोय," तिनं मला फोनवर सांगितलं, "म्या काय वैजापूरला उडत जाऊ? मोटर आणलीये दुकानातून. मुठीत मावंल एवढीशी आहे. रविवारी ये, आपणच बसवू."

तो रविवार मला एखाद्या स्वप्नासारखा आठवतो, म्हणजे काही गोष्टी अगदी लख्ख आणि मधलं सगळं पुसट. तिच्या दारातला शेवगा. उंबऱ्याजवळ प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलेली माय. लांबून येणारी आगगाडीची शिट्टी. प्रज्ञानं पुढचं चाक पूर्ण वळवून ठेवलं होतं आणि जुन्या सतरंजीवर आडवी होऊन चाकामागचं काळं प्लॅस्टिक सोडवत होती. त्याच्या आत पाण्याची टाकी, आणि टाकीच्या बुडाशी ती मोटर. तिनं वायरची खटकी काढली, नळी ओढली, आणि मोटर उपसून बाहेर काढली तशी टाकीतलं उरलंसुरलं पाणी भसकन तिच्या हातांवर आलं. शेवाळलेलं, हिरवट. "बघ, किती वर्षांचं साठलंय," ती हसत म्हणाली. जुन्या मोटरीला तिनं बॅटरीची वायर लावून पाहिली. काही नाही. मग नवीला लावली, तर ती तिच्या तळहातावर भुंग्यासारखी गुणगुणली. प्रज्ञानं ती कानाशी नेली. "ऐक, बोलती." मग मायला ऐकवली. मायनं मान डोलावली, जणू तिला पाळण्यातलं पोरच दाखवलं.

बसवताना तिला वेळ लागला. रबराची कडी साबणाच्या पाण्यात बुडवून तिनं टाकीच्या भोकात बोटांनीच चाचपून बसवली. मध्येच विचारायची, "ती खटकी कुठं ठेवली गं?" खटकी तिच्या गुडघ्यापाशीच पडलेली असायची. मी उचलून द्यायची. उन्हामुळं असेल, मला वाटलं.

टाकी भरली. "आत बस आणि दांडी ओढ," ती म्हणाली. मी ओढली. दोन्ही धारा अशा जोरात उसळल्या की काच सोडून, टपावरून थेट मायच्या अंगावर. "अगं बाई! मला कशाला न्हाऊ घालता?" माय ओरडली आणि आम्ही तिघीही पोटभर हसलो. प्रज्ञानं टाचणीनं नोजलची तोंडं खाली वळवली. आता पाणी बरोब्बर काचेच्या मधोमध पडलं, वायपर आले नि गेले, आणि काच अशी निवळली की शेवग्याचं पान न् पान आरपार दिसावं.

मग ती स्वतः स्टीअरिंगमागं बसली. मी शेजारी. तिनं दांडी ओढली. पाणी, वायपर. पुन्हा ओढली. पुन्हा. काचेवर एक कण उरला नव्हता, तरी ती ओढतच होती.

"अजून धूर आहे," ती म्हणाली.

"कुठंय?"

तिनं तळहातानं काच आतून पुसून पाहिली. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "विजे, खरं सांग. तुला काच स्वच्छ दिसती?"

"आरशासारखी."

तिनं किल्ली फिरवून सगळं बंद केलं. वायपर काचेच्या मध्यावर थांबले. बाहेरून मायनं विचारलं, "झालं का गं?" आणि प्रज्ञा मोठ्यानं, आनंदानं म्हणाली, "झालं माय! लई मस्त पाणी येतंय." मग किल्ली काढून तिनं माझ्या हातात दिली. मला तेव्हा गाडी चालवता येत नव्हती, हे तिला माहीत होतं. तरी दिली.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, तिचा जुना मधुमेह डोळ्यांपर्यंत पोचलाय, मागच्या पडद्यावर रक्त उतरलंय. इंजेक्शनं झाली, लेझर झालं. जेवढी नजर टिकवता आली तेवढी टिकली. उजेड-अंधार, कडेकडेच्या आकृत्या, फळ्यावरची मोठी अक्षरं. दवाखान्याच्या पायऱ्यांवर माझा दंड धरून उतरताना ती म्हणाली, "बिघाड काचेच्या अलीकडं निघाला की गं." मी हसले नाही. ती थांबली, माझ्या चेहऱ्याच्या दिशेनं बघत राहिली. "मायला सांगायचं नाय. काय झालं तरी नाय. मला बघून तर ती जगती."

म्हणून मी गाडी शिकले. पन्नाशी ओलांडल्यावर. ड्रायव्हिंग स्कूलचा शिकवणारा होता, पण खरं शिकवलं ते प्रज्ञानं, संध्याकाळी गारखेड्याच्या मोकळ्या मैदानावर, शेजारी बसून, नुसत्या कानानं. "गाडी रडती, ऐकू येत नाय का? गिअर बदल." "आता खुश झाली." ब्रेकवर माझा पाय थरथरला तरी तिला कळायचं. उन्हाळ्याच्या सुट्ट्या संपल्या आणि आम्ही पुन्हा वैजापूरच्या रस्त्याला लागलो. मी उजवीकडं, ती डावीकडं. कॉलेजात तिनं सहकाऱ्यांना सगळं सांगून टाकलं होतं. निवृत्तीपर्यंत शिकवत राहिली, पुस्तक न उघडता.

पहिल्याच दिवशी नगर नाका ओलांडल्यावर तिनं विचारलं, "काय दिसतंय?"

"रस्ता," मी म्हणाले. माझं सगळं ध्यान गिअरमध्ये.

"रस्ता मला बी ठाऊक आहे. मराठी शिकवतीस ना? नीट सांग."

मी सांगायला लागले. आधी अडखळत, तोकडं. ऊस नेणारी गाडी. बंद पडलेलं हॉटेल. ती समाधान मानायची नाही. उसाला तुरे आलेत का? हॉटेलच्या फलकाचा रंग कुठला? मग मला बघावंच लागलं. ज्या रस्त्यावर मी वर्षानुवर्षं झोपले होते तो मला आता शब्द शब्द करून उलगडायला लागला. फुटलेली कपाशी, जणू कुणी रात्रीतून शेतावर पिसं उधळली. नांगरामागं चालणारे बगळे, एकाच्या मागं एक. वैजापूरच्या बाजारातून उडून आलेली कांद्याची गुलाबी टरफलं, ओल्या काचेवर चिकटलेली, आणि वायपरनं ढकलत नेलेली... आवाज, वास तिचे, रंग माझे, असं मिळून आमचं एक जग दोन तास चालायचं. ती डोळे मिटून ऐकायची. परतताना पुन्हा विचारायची, "त्या म्हातारीच्या डोक्यावर काय होतं म्हणालीस? आणि तिच्या मागची शेळी, काळी का पांढरी?" मला वाटायचं, पाठ करतेय की काय. निवृत्तीनंतरही महिन्यातून एखाद्या रविवारी आम्ही उगाच लासूरपर्यंत जाऊन चहा पिऊन यायचो. शेवटची खेप ती जाण्याआधीच्याच रविवारी झाली.

परवा मी मुकुंदवाडीला गेले. प्रज्ञाच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपून बरेच दिवस झाले होते, घरातली माणसांची ये-जा थांबली होती. माय पुढच्या खोलीत खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. मी तिच्या पायाशी बसले. ती म्हणाली, "प्रज्ञा रोज घरी आली की चप्पल काढायच्या आधी सांगायला लागायची. माय, आज कापूस फुटला. माय, आज एक म्हातारी अशी अशी चालली हुती, मागं काळी शेळी. लई ग्वाड सांगायची."

मी खाटेवरच्या चादरीची सुरकुती सारखी करत राहिले.

"तिला दिसत नव्हतं," माय म्हणाली. "मला ठाऊक हुतं. ताटातली भाकर चाचपायची. आईला कळत नाय व्हय?"

"मग तुम्ही कधी बोलला नाहीत?"

"ती एवढी हौसेनं सांगती, मधी कशाला बोलू?" तिनं सुरकुतलेला हात माझ्या हातावर ठेवला. "ते बघणं तुझं हुतं ना, पोरी?"

मी होकारार्थी मान हलवली. बाहेर गल्लीत कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं. मायनं डोळे मिटले आणि डोकं भिंतीला टेकवलं.

"कुठून आलीस आज?"

"गारखेड्याहून."

"मग? काय दिसलं?"

मी सांगायला लागले. कोपऱ्यावरच्या गुलमोहराला पाच-सहाच फुलं उरलीत. चौकात एक माणूस सायकलवर मोठा आरसा बांधून घेऊन चालला होता, त्या आरशात अख्खं आभाळ हलत होतं, आणि सिग्नलला थांबलेली सगळी माणसं त्याच्याकडंच बघत होती...

"आभाळ कसं हुतं?" मायनं विचारलं.

मी डोळे मिटून आठवून पाहिलं. "निळं," मी म्हणाले. मग एवढ्यावर प्रज्ञानं ऐकून घेतलं नसतं हे ध्यानात आलं, आणि पुन्हा, नीट सांगायला लागले.