चौथा पट्टा

तोंडात टाचण्या धरून बोलायची. कात्री हाताशी असली तरी दोरा दातांनीच तोडायची. माणूस समोर आला की आधी त्याचे खांदे बघायची, मग चेहरा. गिऱ्हाइकाला कधी 'नाही' म्हणायची नाही. 'बघू' म्हणायची आणि रविवारी बसून शिवून टाकायची. चिंधीसुद्धा फेकायची नाही. आणि कुणी विचारलं, 'लेक कशी आहे?' तर टाचण्या न काढताच म्हणायची, 'मजेत.'

या शेवटच्या सवयीनेच घात केला.

गल्लीत सगळे तिला टेलरबाई म्हणत. दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत मशीन, आतल्या खोलीत चिंगी. चिंगी बारा वर्षांची. जन्मापासून पाठीत बळ नाही. बसवली की डावीकडे कलंडायची. जीभ मात्र सरळ आणि तिखट.

डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. कणा वाकतोय. मापाने बनवलेली खास खुर्ची हवी, तीही याच वर्षी. उशीर झाला तर छातीवर दाब येईल, श्वास पुरणार नाही.

तशी खुर्ची घेणं तिच्या आवाक्यातलं नव्हतं. म्हणून मदत देणाऱ्या संस्थांकडे अर्ज सुरू झाले. अर्ज लिहायची नणंद. ती शाळेत कारकून होती. भावाने संसारातून कधीच अंग काढून घेतलं होतं, बहिणीने नाही. दर शनिवारी यायची आणि मशीनच्या फळीवरच कागद पसरायची.

"वहिनी, इथे विचारलंय, मुलीला काय काय करता येत नाही?"

"लिही, सगळं करते. जरा वेळ लागतो."

"अगं, स्थळ आलंय का तिला? अर्ज आहे हा!"

"मग काय, पोरीची लक्तरं वेशीवर टांगू?"

आतून चिंगी ओरडली, "टांग, आत्या. पण इस्त्री करून."

सात संस्थांकडून काही हाती लागलं नाही. एकीला दहा वर्षांखालचीच मुलं हवी होती. एकीने मागितलेला दाखला मिळेपर्यंत मुदत संपली. बाकीच्यांनी नकार कळवला, किंवा तेवढंही केलं नाही. आठव्या संस्थेचं मात्र पत्र आलं. आमच्या बाई घरी येऊन मुलीला पाहतील.

टेलरबाईने मग तिला येत होतं तेच केलं. कॅनव्हासचे चार पट्टे कापले, आत फोम घातला. दोन कमरेला, एक छातीखाली, एक डाव्या खांद्यावरून. वर निळा, झालरीचा फ्रॉक. पट्टे शिवणीतल्या फटींतून मागे काढून खुर्चीच्या पाठीला आवळले. बकल लावलं तर फुगवटा दिसतो, म्हणून टोकं सुईदोऱ्यानेच टाके घालून बंद केली. पाहुण्या बाईंपुढे पोर लोळागोळा होऊन पडलेली बरी दिसते का? आयुष्यात इतकं सफाईदार काम तिने कुणासाठी केलं नव्हतं.

चिंगी पट्टीसारखी ताठ बसली.

पाहणीच्या बाई पंधरा मिनिटं होत्या. "छान बसते की!" म्हणाल्या. त्या दिवशी टेलरबाईच्या तोंडात टाचण्या नव्हत्या. तरी निघालं तेच. "हो, मजेत आहे."

छातीखालचा पट्टा चिंगीला काचत होता. आईने शिवलाय म्हणून ती गप्प राहिली.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. 'मुलगी साध्या खुर्चीवर आधाराशिवाय बसते. विशेष खुर्चीची गरज दिसत नाही.'

नणंदेने ते दोनदा वाचलं. मग आत जाऊन ताठ बसलेल्या चिंगीच्या फ्रॉकची झालर वर केली.

"वहिनी, हे काय करून बसलीस?"

टेलरबाई स्वतःच्या हाताचे टाके बघत राहिली.

नणंदेने फोन केले, हातापाया पडली. शेवटी संस्था कबूल झाली. सोमवारी अकरा वाजता बाई पुन्हा येतील. त्यानंतर वर्षाची यादी बंद.

"या वेळी पट्टे नकोत," नणंद म्हणाली. "पोर आहे तशी दिसू दे."

"पडेल गं ती."

"पडू दे. त्यांच्यासमोर पडू दे."

एव्हाना पट्टे रोजचेच झाले होते. ताठ बसलं की चिंगीला खिडकीतून रस्ता दिसायचा. सकाळी आई टाके घालायची, संध्याकाळी उसवायची. सोमवारीही आठ वाजता चिंगी म्हणाली, "तोवर तरी बसव ना." आईने बसवलं. बाई यायच्या आत उसवू, असं ठरलं.

साडेदहाला तिने टाके कापायची उसवणी घेतली. कमरेचा पहिला पट्टा. दुसरा. चिंगी खाली सरकली. छातीखालचा सुटला तशी मान डावीकडे गेली. आता सगळा भार खांद्यावरच्या एका पट्ट्यावर होता.

टेलरबाईचा हात थांबला.

"उसव ना, आई."

"लागेल तुला."

"डावीकडेच पडते गं मी. चुकायची नाही."

तिने दोन टाके काढले. मग आणखी दोन. पट्टा सैल झाला, चिंगीचं डोकं तिच्या मनगटावर येऊन टेकलं. गरम श्वास लागला. जिन्यात नणंदेचा आवाज आला, "या बाई, वरच आहे." चपला वाजल्या. टेलरबाईने उसवणी टाकली आणि दोन्ही हातांनी लेकीचा खांदा धरला. सरळ केला. तसाच धरून ठेवला.

"आई, सोड," चिंगी हळूच म्हणाली. "सोड ना गं."

दार वाजलं.

चौथ्या पट्ट्याला नऊ टाके होते. चार निघाले होते. पाच तसेच राहिले.