बाईंच्या डब्यात काय आहे?

आमच्या स्टाफरूममध्ये चार माणसं जमली की कुणीतरी म्हणतंच, "बाई, तो अंड्याचा किस्सा सांगा ना." एक सांगितला की त्याच्या शेपटाला धरून दुसरा येतो. आता इतके झालेत की नवीन आलेल्या शिक्षकांना माझ्याआधी माझा डबा माहीत असतो. त्यातले काही सांगते. दोष कुणाचा ते तुम्हीच ठरवा.

मी वसईतल्या एका शाळेत चित्रकला शिकवते. माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या फिलोमिना टीचर इथल्याच, वाडीतल्या. नाताळात त्यांच्या घरी काजूचं मार्झिपॅन होतं. भिजवलेले काजू वाटायचे, साखरेच्या पाकात घोटून गोळा करायचा आणि साच्यात दाबायचा. त्यांनी मला ते शिकवलं. त्यांच्याकडे फुलं न् मासोळ्यांचे साचे होते. माझ्याकडे साचे नव्हते, पण हात होता. मी पहिल्यांदा केलं ते उकडलेलं अंडं. पांढरं काजू-खोबऱ्याचं, आतला बलक हापूसचा रस आटवून केलेला. मधोमध कापलेलं, वर मिरपूड म्हणून चिमूटभर वेलची.

ते मी नेमकं श्रावणातल्या सोमवारी डब्यात नेलं. समोर सावंत सर बसले होते. गणिताचे, मूळचे कोकणातले, बोळिंजला राहतात. श्रावण कडक. त्यांनी माझ्या हातातल्या अर्ध्या अंड्याकडे बघितलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांचा डबा खिडकीजवळच्या टेबलावर गेला. मला वाटलं, घरी काही बिनसलं असेल. आठवड्यानं फिलोमिना टीचरनी मला विचारलं, "तू सरांना सांगितलं नाहीस का ते काजूचं होतं?"

मी लगेच जाऊन सांगितलं. सरांनी हातातला डबा खाली ठेवला. मग म्हणाले, "आणि पिवळं कशाचं होतं?"

"हापूसचा आटवलेला रस."

"म्हणजे," सर सावकाश म्हणाले, "मी आठ दिवस एकटा जेवलो, आणि इकडे आंबा संपला."

त्यानंतर केले सुके बोंबील. काजूची लांब पट्टी, वर दालचिनी, शेपटीला थोडा कोको. परीक्षा घ्यायला आमच्या शिपाई हरकूमावशी. त्या अर्नाळ्याच्या. घरची बोट आहे, अंगणात बोंबील वाळतात. त्यांना फसवलं तर खरं, असं मी मनात म्हटलं.

मावशींनी एक उचलला, उलटा केला, नाकाशी नेला. "वास नाय," म्हणाल्या. मग पुन्हा निरखून, "हा कोनी सुकवला? नीट ताणला नाय. मधीच वाकलाय."

"खाऊन तर बघा."

त्यांनी शेपटीकडून तुकडा मोडला. चघळत राहिल्या. त्यांचा चेहरा हळूहळू गंभीर झाला. मी हसायच्या तयारीत होते, पण मावशी दाराबाहेर बघत म्हणाल्या, "भाऊ बोलतो ते खरं हाय तर. कंपन्यांनी पानी पार बिघडवलं. आता मासा पन गोड झाला."

तो काजू आहे हे पटवायला मला पूर्ण मधली सुट्टी लागली. तरी जाताना त्यांनी एक रुमालात बांधून नेलाच, भावाला दाखवायला.

इथवर गंमत होती. पुढं मात्र स्टाफरूमची नजरच बदलली. कुणी काहीही आणलं तरी पहिली दोन मिनिटं कुणी हात लावेना. शेलार मॅडम तेव्हा नवीनच आमच्याकडे सुपरवायझर म्हणून आल्या होत्या, नायगावहून यायच्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी घरी केलेला ढोकळा आणला. स्टीलचा मोठा डबा, वर मोहरीची फोडणी, कोथिंबीर.

सगळे डब्याभोवती उभे. सावंत सरांनी वाकून वास घेतला. एकानं नखानं मोहरी खरवडून बघितली. दुसऱ्यानं कोथिंबिरीचं पान उजेडाला धरलं. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, जणू मीच तो केलाय. मी म्हटलं, "मला काही माहीत नाही." त्यानं संशय आणखी वाढला.

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझ्या सासूबाई पहाटे उठल्या होत्या," एवढंच म्हणाल्या, झाकण लावलं आणि केबिनमध्ये गेल्या.

मला फार लागलं. चूक माझी नव्हती, पण मूळ माझ्यातच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानातून साधे पेढे घेतले, केबिनमध्ये जाऊन सगळी हकीकत सांगितली, माफी मागितली. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं. पेढ्यांचा पुडा उघडला, एक उचलून दाबून बघितला आणि विचारलं, "हे कशाचे आहेत? खरं सांगा."

चौथा प्रसंग सांगताना मला अजून लाज वाटते. बेसनाच्या लाडवाच्या मिश्रणात काजूची हिरवी मिरची घोळवून मी मिरचीची भजी करत असे. सावंत सरांना ती फार आवडत. एका दुपारी सावंतवहिनींचा फोन आला. सरांची साखर अचानक वाढली होती, डॉक्टर रागावले होते.

"घरी तर मी एक चमचा साखर देत नाही," वहिनी म्हणाल्या. "हे म्हणतात, शाळेत मी फक्त मिरचीची भजी खातो. खरं आहे का?"

"खरं आहे," मी म्हणाले.

संध्याकाळी एक भजी डबीत घालून बोळिंजला त्यांच्या घरी गेले आणि वहिनींच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी ती मोडली, चाखली. मग आतल्या खोलीकडे तोंड करून विचारलं, "अहो, शाळेतली ती भजी कशी असते?"

आतून सरांचा आवाज आला, "फार तिखट गं. नुसता घाम फुटतो."

त्या दिवसापासून सरांपुढे मी भजी ठेवली नाही. पुढच्या तपासणीत साखर खाली आली.

आता शेवटचा. फिलोमिना टीचरचे बाबा वाडीतच राहतात, लेकीबरोबर. वर्षभरापूर्वी तिनं त्यांच्याकडे विजेच्या मीटरच्या अर्जावर सही मागितली. आजूबाजूच्या वाड्या एकेक करून बिल्डरकडे जात होत्या. बाबांच्या डोक्यात बसलं की मुलगी जमीन विकायला निघालीय. त्यांनी सही केली नाही आणि जेवणात काहीतरी घालून ती सही घेईल या भीतीनं तिच्या हातचं खाणंही सोडलं. मागच्या पडवीत वेगळा स्टोव्ह मांडला. तिनं ताट झाकून ठेवायचं, त्यांनी तसंच परत पाठवायचं. तिच्या हातून घ्यायचे ती फक्त कच्ची भाजी. कच्च्या भाजीत कोण काय घालणार?

"त्यांचा ऐंशीवा वाढदिवस आहे," टीचर मला म्हणाल्या. "केक तर ते घेणार नाहीत. आपण वांगी करू या."

मला भीती वाटली. पकडलं तर म्हातारा आणखी बिथरेल. पण टीचरचा चेहरा बघून नाही म्हणवेना. दोघींनी बसून सहा वांगी केली, जांभळी, हिरव्या देठांची. टोपलीत चार खऱ्या वांग्यांत मिसळली आणि पडवीत नेऊन ठेवली.

बाबांनी स्टोव्हवर पाणी ठेवलेलं होतं. त्यांनी एक वांगं उचलून तळहातावर तोललं. "जड आहे," म्हणाले. विळीवर धरलं. वांगं आवाज न करता कापलं गेलं. आत पांढरं, एकसारखं, बी नाही.

बाबांनी हात थांबवला. आधी लेकीकडे बघितलं, मग माझ्याकडे. टीचरनी पदराचं टोक मुठीत आवळून धरलं होतं.

"देठ कुणी केला?"

"मी," त्या म्हणाल्या.

"देठाला काटे असतात. एवढी वर्षं वाडीत राहून ते बघितलं नाहीस?"

त्यांनी एक फोड तोंडात टाकली. बराच वेळ ती तोंडात घोळवली. मग उठले, स्टोव्ह बंद केला, पातेल्यातलं पाणी केळीच्या बुंध्याशी ओतलं आणि हात पुसत विचारलं, "आत काय रांधलंयस आज?"