पुसण्याआधी

बालाघाट-गोंदिया गाडीत आम्ही सगळे आधी बाक पुसतो, मग बसतो. त्या दिवशी समोर आलेली तरुण मुलगी मात्र आधी वाकली, बाकाजवळ डोळे नेऊन तिनं नीट पाहिलं आणि मगच रुमाल काढला.

"धूळच आहे पोरी," मी म्हणालो.

"हौ काका. पण पाहून घेतलं."

ती बालाघाटजवळच्या भरवेलीची, मँगनीजच्या खाणीतल्या कामगाराची मुलगी. काम दक्षिण ध्रुवाजवळच्या समुद्रात. तिथं बर्फाखाली फरश्या सोडायच्या आणि त्यांच्यावर कोणते जीव वस्तीला येतात ते पाहायचं.

"पाण्यासंगं वाहत येतात, जागा चाचपतात. एकदा चिकटले का जन्मभर तिथंच."

"मंग तुह्या फरशीवर वस्ती झाली असन."

ती मोकळी हसली. "पहिली तं मीच पुसली! वर्षभरानं वर काढली, तं नुसता डाग. आमच्या घरी मँगनीजची काळी धूळ, माय सारखी पुसाले लावे. हात आपोआप फिरला. मंग कपडा भिंगाखाली धरला, तं खसखशीएवढे जीव. वर्षाची वस्ती गेली."

"मंग?"

"दुसरी सोडली. थंड पाण्यात सारं हळू होते काका. तीच पाहाले चालली आता."

गोंदियाला ती ताठ मानेनं उतरून गेली. तिचं नाव विचारायचं राहिलं.

घरी परतलो तेव्हा बायको खराटा घेऊन अंगणातल्या दगडावरचा हिरवट डाग घासायला निघाली होती.

"थांब, पाहू दे."

"काहून? कोणी राह्यते का तिथं?"

मी तोवर गुडघ्यांवर बसलो होतो.