डाव्या कानातला मिलिंद

बातमी बसमध्येच आली. चिकलठाण्याहून वाळूजला जाणारी आमच्या कारखान्याची बस सकाळी मिलिंदच्या कोपऱ्यावर थांबली, ड्रायव्हर सलीमभाईंनी दोनदा हॉर्न दिला, आणि मिलिंदऐवजी त्याचा मेहुणा पायरीवर चढला. "दाजी गेले... पहाटे, झोपेतच," एवढं बोलून तो उतरला. सलीमभाईंनी इंजिन बंद केलं. आम्ही सगळेच खाली उतरलो. पहिल्या शिफ्टला आमची बस त्या दिवशी पोचलीच नाही.

आता दीड महिना झाला. रडून झालं आहे, तेव्हा त्याची थोडी बदनामी करायला हरकत नाही. मिलिंद क्वालिटीला, मी स्टोअरमध्ये. बसमध्ये वर्षानुवर्षं आम्ही शेजारी बसलो. इअरफोनचं एक टोक त्याच्या कानात आणि दुसरं, माझी परवानगी न घेता, माझ्या डाव्या कानात. उजव्या कानानं मी सलीमभाईंची कव्वाली ऐकायचो. त्यामुळे माझा डावा कान पार विलायती झाला आणि उजवा देशीच राहिला. त्याचं वेड होतं आजकालच्या रॉक बँडचं, त्यातही पॉवर-पॉपचं. हे काय असतं म्हणून मी विचारलं, तर म्हणाला, "ठेच्यासंगं गूळ खाल्लाय का कधी? गिटार झोंबली पायजे, चाल गोड पायजे, अन् तीन मिन्टांत ताट उचललं पायजे. झालं पॉवर-पॉप."

मतं तर अशी, की ऐकणाऱ्यानं सीटबेल्ट शोधावा. स्वीडनच्या एका बँडबद्दल, "दोन गाणी लई भारी, तिसऱ्यापासून तेच गाणं कपडे बदलून येतंय." नव्या रॉकवाल्यांबद्दल, "राग तर लई येतो ह्यांना, पण कशाचा ते घरी इसरून येतात." सात मिनिटांचं गाणं लागलं की तो खिडकीबाहेर बघत म्हणायचा, "पाव्हण्याला निघायचं सुचंना." त्याचे वडील गायनपार्टीत झील धरायचे, म्हणजे मुख्य गायकानं टाकलेली ओळ मागून उचलून आभाळाला भिडवायचे. मिलिंदची सगळी मोजमापं तिथली. ध्रुवपद आलं आणि सगळ्यात मागे बसलेल्या माणसाला ते उचलता आलं नाही, तर बँड नापास. मग तो लंडनचा असो की शिलाँगचा. कारखान्यात सुटा भाग नापास करताना तो जेवढा शांत असायचा तेवढाच इथंही... आणि तेवढाच निर्दय.

हीच निर्दयता हवी होती त्याच्या लेकीला. यशोधरा पुण्यात शिकते आणि चौघांच्या बँडमध्ये गाते. गेल्या उन्हाळ्यात तिनं पहिलं इंग्रजी गाणं रेकॉर्ड केलं आणि बापाला न पाठवता मला पाठवलं. फोनवर म्हणाली, "काका, माझं म्हणून ऐकलं तर पप्पा खोटं खोटं भारी म्हणतील. तुम्ही दुसऱ्या कुणाचं तरी म्हणून लावा. काय म्हणतात ते जसंच्या तसं सांगा."

नाटक करायला मिळतंय म्हटल्यावर मी कशाला सोडतोय! दुसऱ्या दिवशी बसमध्ये मी जांभई देत म्हणालो, "ग्लासगोचा एक नवा बँड आलाय म्हणे, ऐक." मिलिंदनं ऐकलं. डोळे मिटले. पुन्हा ऐकलं. मग म्हणाला, "पोरगी सुरात हाय. चाल बी चांगली. पण ध्रुवपद आलं की आवाज आत घेती. घाबरती. तिला लहानपणी घरात कुणीतरी सारखं गप बस, गप बस केलेलं दिसतंय." बस नगर नाका ओलांडून गेल्यावर त्यानं विचारलं, "ग्लासगोत बी थर्ड शिफ्ट असती का रं?" मी म्हणालो, "असेल, मला काय ठाऊक." तो हसला. मी हा निकाल यशोधराला कळवलाच नाही. कसा कळवणार? सुट्टीत ती घरी आली की समोरासमोर सगळं उघड करू, असा माझा बेत होता. त्याआधीच मिलिंद गेला.

मिलिंदच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, माणसं पांगली, आणि यशोधरा माझ्यासमोर येऊन बसली. "काका, ऐकवलं होतं का?" जन्मभर थापा मारल्यात मी. 'तुझ्या पप्पांनी डोक्यावर घेतलं' ही थाप जिभेवर तयार होती. पण पोरीनं जसंच्या तसं मागितलं होतं... म्हणून सगळं सांगितलं, ग्लासगोतल्या थर्ड शिफ्टसकट.

ती आधी रडली, मग हसत सुटली. "काका, तुम्ही लई साधे आहात. पप्पांनी ओळखलं होतं मला." मग तिनंच समजावून सांगितलं. ती लहान असताना बाप रात्रीची थर्ड शिफ्ट करून आला की दिवसभर झोपायचा. आई तोंडावर बोट ठेवून घरभर फिरायची. यशोधरा पाढे कुजबुजत शिकली, भांडली तीही कुजबुजत. "ध्रुवपद आलं की मला अजून वाटतं, आतल्या खोलीत कुणीतरी झोपलंय." म्हणजे भर बसमध्ये तो माझ्याशी नव्हे, लेकीशी बोलत होता, आणि निरोप्या म्हणून त्यानं मला निवडलं होतं. एवढा मोठा नट मी, आणि मला पत्ता नाही.

परवा रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे गेलो होतो. मिलिंदच्या झोपायच्या खोलीच्या काचांना उजेड येऊ नये म्हणून चिकटवलेला काळा कागद अजून तसाच आहे. यशोधरा त्या खोलीत गिटार घेऊन बसली होती. ध्रुवपद आलं, आणि तिनं ते असं काही उचललं की फळीवरचे डबे वाजले. तिची आई, सुनंदा वहिनी, सवयीनं उठल्या, बोट ओठांपाशी गेलं... आणि तिथंच थांबलं. मग त्या नुसत्याच उभ्या राहून ऐकत राहिल्या.

शेजारच्या मावशी घाबरून दारात आल्या. "काय झालं गं सुनंदा?"

"काय नाय," वहिनी म्हणाल्या. "पोरगी गातीया."