स्टेडियमवरची काळी माती

अकोल्याच्या आमच्या कॉलेजात स्टेडियम बांधलं, तेव्हा मी इंटरला होतो. स्टेडियम म्हणजे काय, तर इमारतीमागच्या पडीक जागेत एका अंगाला दगडी पायऱ्या आणि समोर दाबून सपाट केलेला मुरूम. पण खेळाचे सर स्टेडियम म्हणत, म्हणून आम्हीही म्हणायचो. उन्हाळाभर तिथं तांबूस धूळ तरंगत असे, आणि त्या धुळीत, रिकाम्या पायऱ्यांवर, मला मनातल्या मनात बाबा बसलेले दिसायचे. बाबांच्या लेखी फुटबॉल म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग. त्यांनी एकदा तरी मला खेळताना पाहावं, एवढीच माझी हौस होती.

आमचं गाव तीन कोसांवर. सुट्टीत घरी गेलो तर बाबांनी विचारलं, "जमीन कशी हाये तुह्या मैदानाची?"

"मुरमाची."

बाबांचा चेहरा पडला. मुरमाड जमीन असलेल्या घरात आमच्याकडे पोरगी देताना लोक दहादा विचार करतात. "एवढं मोठं कालेज, अन् बरड?" ते म्हणाले.

आठ दिवसांत भावकीच्या सहा बैलगाड्या नाल्याकाठची काळीभोर माती भरून कॉलेजकडे निघाल्या. पहाटेची वेळ, बैलांच्या घुंगरांचा आवाज, आणि गाडीमागून मी अर्धवट झोपेत चालतोय. अजूनही वाटतं, ती वाट संपलीच नाही.

सर सुट्टीत आपल्या गावाला गेलेले. खेपांवर खेपा घालून बाबांनी माती पसरली, वरून वखर फिरवला. पावसाचं पाणी निचरावं म्हणून मुरूम असतो, हे सरांनी आमच्याकडून घोकून घेतलं होतं. मला सगळं ठाऊक होतं. पण बाबा माझ्या मैदानावर उभे होते, खूश होते. मी वखरामागून ढेकळं फोडत गेलो.

सर परतले, मूठभर माती हातात घेऊन पायरीवर बसले. "माती फार छान आहे रे," एवढंच म्हणाले.

श्रावणात पहिली मॅच ठरली. मी बाबांना कार्ड टाकलं. मॅचच्या सकाळी मैदानात घोटाभर चिखल होता, म्हणून खेळ शहराच्या दुसऱ्या टोकाला हलवला. बाबांना निरोप द्यायला वेळच नव्हता. आम्ही जिंकलो, एक गोल माझा. तसाच सायकल हाणत कॉलेजात आलो.

पायऱ्यांवर बाबा एकटेच. धुतलेलं धोतर, मांडीवर टोपी.

"खेळ कवा सुरू व्हते?"

"झाला, बाबा. दुसऱ्या मैदानावर."

"कावून?"

"पाहुण्या संघाला ते जवळ पडतं."

त्यांनी मान हलवली. शेतातली डवरणी अर्धी टाकून आले होते, संध्याकाळच्या मोटारीनं परत गेले.

दिवाळीनंतर सरांनी ती माती खरवडून कुंपणाशी ढीग घातला. तो बाबांच्या नजरेला पडू नये म्हणून मी त्यांना पुन्हा कधी बोलावलंच नाही. त्यांनी मला खेळताना पाहिलं नाही, ते नाहीच.