रुखवतातलं घड्याळ

शिवांजली नांदूरघाटात आमच्या समोरच्या घरात राहायची. पण ‘राहायची’ म्हणणं जरा धाडसाचंच. चहा उभ्यानं, अभ्यास अंगणात फेऱ्या मारत, आणि जेवताना एक पाय उंबऱ्याबाहेर. तिची आई गंगासागरबाई मला म्हणायची, “भाऊजी, हिच्या लग्नात लगीन लावणाऱ्या स्वामींनाच अक्षता घेऊन हिच्या मागं पळावं लागंल.”

अशी पोर बीडला मेकॅनिकलच्या डिप्लोमाला गेली आणि शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी तिनं काय निवडावं? लोलकाचं घड्याळ! चाकं प्लायवूडची, पुढं ॲक्रिलिकची पारदर्शक तबकडी, म्हणजे आतली धावपळ बाहेरून दिसावी.

हे दोन हजार आठ सालचं. बीडात बंकटच्या दुकानात नुकतंच लेझरचं मशीन आलं होतं. त्यावर सत्काराची सन्मानचिन्हं निघायची आणि बीडात सत्कारांना काही तोटा नव्हता. शिवांजली दोन सत्कारांच्या फटीत आपली चाकं कापून घ्यायची. “पोरी, तुज्या चाकापायी माजे दोन सभापती ताटकळलेत,” बंकट कुरकुरायचा.

पहिली चाकं एकमेकांत बसेचनात, लटपटायला लागली. लेझर लाकूड कापत नाही, जाळत जातो. ती जळालेली केसाएवढी रेघ चित्रात धरायला ही विसरली होती. दुसऱ्या खेपेला मशीन ऐन दातावर असताना लाइट गेली, आणि परत आल्यावर मशीनला आपण कुठं होतो तेच आठवेना. तिसऱ्या खेपेला जमलं. घड्याळ टकटक करायला लागलं, पण कुठला तरी दात अडखळायचा आणि ते रोज थोडं मागं पडायचं. तेवढ्यानं हिला चैन पडेना. थोरल्या बहिणीच्या, वर्षाराणीच्या लग्नाला घरी येताना घड्याळ घेऊनच आली आणि मांडवात पाहुणे असताना माडीवर दात घासत होती. चाकाचे.

लग्न रविवारी, हिची परीक्षा सोमवारी दुपारी. बाहेरचे परीक्षक येणार, घड्याळ चालतं दाखवायचं, नाही तर वर्ष गेलं. म्हणून तिनं आधीच बजावलं होतं, “पाठराखीण म्हणून मी जायची न्हाई. दुसरं कुणी बघा.”

लग्न लागलं. जेवणं झाली. शिवांजली घड्याळ बांधायला माडीवर गेली तर तिथं नुसता भुसा.

खाली रुखवताभोवती बायांची ही गर्दी! थर्माकोलचं देऊळ, मण्यांचा मोर, आणि मधोमध टकटकणारं घड्याळ. समोर पाटी: ‘चि. सौ. कां. वर्षाराणी हिच्या हातची कलाकुसर.’

“आई! हे कावून मांडलं?”

“हळू बोल की गं. रुखवत लई रिकामं दिसत व्हतं. तुजं ते वर पडूनच व्हतं.”

“पडून? उद्या परीक्षा हाय माझी!”

“मंग आता काय करू? व्याह्यांनी बघितलं. रुखवतातली वस्तू माघारी घेत्यात का कुठं?”

व्याही म्हणजे पाटोद्याचे अर्जुनराव. ते तबकडीला नाक लावून उभे होते. “सूनबाईनं केलं? वा!” वर्षाराणीनं मान खाली घातली. नव्या नवरीला ते शोभतंही. या मुलीनं आयुष्यात कधी स्क्रू पिळला नव्हता.

घड्याळ सगळ्या रुखवतासकट टेंपोत चढलं. तेव्हा शिवांजली माडीवर धावली, हत्यारांची पिशवी उचलली आणि येऊन करवल्यांना ढकलत गाडीत बसली. “पाठराखीण मीच!” गंगासागरबाईंना भरून आलं. बहिणीची केवढी माया, म्हणाल्या!

पाटोद्यात घड्याळ बैठकीत लागलं. टेंपोत हादरून ते मुकं झालं होतं. शेजारीपाजारी बघायला जमलेले. अर्जुनरावांनी हाक मारली, “सूनबाई, या. चालू करून दावा.”

वर्षाराणी पुढं आली. लोलकाला बोट लावलं. लोलक दोनदा हलला आणि थांबला. मागं शिवांजली चुळबुळत होती. कोपरानं ढोसलेलं कळतं, पण गिअरचं काम कोपरानं सांगता येत नाही. एक म्हातारी म्हणाली, “पहिल्याच दिवशी बंद पडलं गं बाई.”

वर्षाराणीनं शिवांजलीकडं पाहिलं. मग म्हणाली, “मामंजी, हे मी न्हाई केलं. हिनं केलंय. आईनं माझं नाव लावलं. आन् उद्या हिची ह्याच्यावरच परीक्षा हाय.”

शिवांजली तोवर घड्याळाच्या पोटात शिरलीसुद्धा होती. निसटलेलं चाक बसवलं, लोलक ढकलला. टक, टक.

अर्जुनराव तबकडीतून बराच वेळ आत बघत राहिले. “इव्हाईणबाईंनी आमाला बनवलं म्हणायचं,” ते म्हणाले आणि मिशीत हसले. “सूनबाई, ते थर्माकोलचं देऊळ तरी तुमचं हाय का?”

“ते बाजारातलं हाय,” वर्षाराणी म्हणाली. आता एकदा खरं बोलायला लागल्यावर तिला थांबता येईना.

सोमवारी सकाळी अर्जुनराव जीपमधून बीडला निघाले. ड्रायव्हरशेजारी बसून मांडीवर घड्याळ, मागं शिवांजली, सारखी म्हणत, “काका, खड्डा! काका, हळू!” ती पास झाली. परीक्षकांनी एकच शेरा मारला: घड्याळ मागं पडतं. बाहेर जीपमध्ये थांबलेल्या अर्जुनरावांनी ते परत मांडीवर घेतलं. रुखवताची वस्तू, सोडतात थोडीच.

ते अजून पाटोद्याच्या बैठकीत आहे, अजून मागं पडतं. शिवांजली पुण्याला नोकरी करते. सणाला बहिणीकडं येते, ओवाळून घ्यायच्या आधी तबकडी उघडते. वर्षाराणी ताट घेऊन मागं उभी असते.

“बस की गं एका जागी.”

“आले. एवढा एकच दात.”