चार अंशांचा मेमो

त्याचं नाव मी विचारलं नाही. दुरुस्तीवाल्यालाही नाव असतं, हे साहेबलोकांच्या लक्षात राहत नाही.

अंबरनाथच्या आमच्या कारखान्यात तापमान नोंदवणारं यंत्र भट्टीची उष्णता चार अंश जास्त दाखवू लागलं, तेव्हा मी भट्टीवरच्या ताईंना मेमो दिला. "सर, मी बटणाला हातच नाही लावला," त्या म्हणाल्या. मी 'उत्तर असमाधानकारक' असा शेरा मारून दुसरा दिला. तिसऱ्याला नोकरी जाणार होती.

उल्हासनगरहून आलेल्या या माणसाने आधी बाहेरच्या रसाच्या गाडीवरून बर्फ आणला. थर्मासमध्ये बर्फाचा चुरा आणि पाणी घालून त्यात सेन्सर बुडवला आणि चुलीवरच्या दुधाकडे बघावं तसा पडद्याकडे बघत बसला. शून्य यायला हवं होतं, चार आलं. त्याने सेन्सरची वायर काढून यंत्राच्या शेजारच्या खाचेत लावली. शून्य आलं.

"सेन्सर चांगलाय, साहेब. ही पहिली खाच चार अंश जास्त फेकतेय."

मग त्याने अंगठ्याने त्याच खाचेवरच्या स्टिकरची धूळ पुसली. 'तपासले, ओके.' खाली माझी सही. ऑडिटच्या आदल्या दिवशी चहा पिता पिता मी अशी चाळीस स्टिकरं काहीही न तपासता सह्यांनी सजवली होती.

ताई मागेच उभ्या होत्या. मी घसा साफ केला. "ताई, मेमो रद्द. मशीनची चूक होती."

तो थर्मास झटकत म्हणाला, "मशीन को साइन करना किधर आता है, साहेब?"

ताई हसल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या भट्टीकडे गेल्या.